आठव्या डावाची अठ्ठावन्नावी चाल

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी नोमोतोसान संगणकाची भाषा शिकायला लागले, त्याला कारण झालं एक पोस्टकार्ड.

कार्ड अकिताहून आलं होतं, कुसाकाबेसानांचं. हे दोघे गेली एकतीस वर्षं पोस्टाने शोगी खेळत होते. शोगी म्हणजे बुद्धिबळच, फक्त मारलेली सोंगटी आपली होते आणि हवी तेव्हा पुन्हा पटावर उतरवता येते. एका कार्डावर एक चाल. कार्ड जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मध्ये दोघांचा विचार. त्यामुळे एक डाव वर्ष-सव्वा वर्ष सहज पुरायचा. दोघेही आपापल्या गावच्या पाणीखात्यात होते आणि तोक्योला गळक्या नळांविषयीच्या एका प्रशिक्षणात शेजारी-शेजारी बसले होते, एवढीच काय ती समोरासमोरची ओळख. त्यानंतर भेट नाही, फोन तर नाहीच. फोनवर चाल सांगणं कुसाकाबेसानांना असभ्यपणाचं वाटायचं.

आजवर सत्तावीस डाव पुरे झाले होते. चौदा नोमोतोसानांचे, तेरा कुसाकाबेसानांचे. पाणीखात्याने अडतीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेलं पदक नोमोतोसानांच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात, मोज्यांच्या मागे होतं. चौदा-तेरा मात्र कायम ओठांवर असायचं. मात्सुमोतो शहरातल्या त्यांच्या गल्लीत पेपर टाकणाऱ्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना तो आकडा पाठ होता. दंतवैद्याला तर तोंड उघडं असतानाही सांगून झालं होतं.

तर ते कार्ड. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'नोमोतो, शुश्रूषागृहात राहायला आलो. सामान हलवताना डावांची वही हरवली. डोकंही हल्ली कधी असतं, कधी नसतं. आपले सगळे डाव एकदा पुन्हा बघायचे आहेत, डोक्यातून जायच्या आत. बारा डिसेंबरला सत्त्याहत्तर पुरी होतील. उत्तर लवकर दे.'

'उत्तर लवकर दे' ह्यात विशेष काही नव्हतं. कुसाकाबेसानांच्या कार्डाचा शेवट एकतीस वर्षं असाच व्हायचा. बाकीच्या ओळी मात्र नोमोतोसानांनी उभ्यानेच चार वेळा वाचल्या आणि त्याच तिरिमिरीत उलटटपाली कळवून टाकलं: 'वाढदिवसाला सगळ्या डावांची पुस्तिका पाठवतो. प्रत्येक चालीनंतरचा पट, चित्रासकट.'

कार्ड पेटीत पडल्यावर त्यांनी हिशेब केला. सत्तावीस डाव, प्रत्येकी शंभरावर चाली. म्हणजे तीन हजार चित्रं झाली. तोमिए, त्यांची बायको, भाजी चिरत होती. ती म्हणाली, "अहो, दिवसाला वीस काढलीत तरी कुसाकाबेसानांना पुढच्या वर्षापर्यंत शहात्तरच राहावं लागेल."

ओसाकाला असलेल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, चाली टाइप केल्या की चित्रं काढणारे प्रोग्राम तयार मिळतात." नोमोतोसानांनी एक उतरवून घेतला, पहिल्या डावाच्या चाली टाइप केल्या, आणि प्रोग्रामने नम्रपणे कळवलं की ह्यातलं अक्षरही वाचता येत नाही. त्याचा दोष नव्हता. कुसाकाबेसान आपली लिपी स्वतः तयार करणारे गृहस्थ. सोंगटीचं नाव ते अर्धंच लिहायचे. मागच्या चालीच्याच घरात जाऊन मारलं तर घराचा आकडा न लिहिता नुसतं एक वर्तुळ काढायचे. शाई वाचते, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षांत नोमोतोसानही तसंच लिहायला लागले होते, त्यामुळे त्या दोघांचं लिखाण जगात त्या दोघांनाच वाचता येत होतं.

अशा अवस्थेत वस्तीच्या समाजमंदिरात त्यांना ती जाहिरात दिसली: 'हास्केल, शून्यापासून. आपला वाचक आपणच लिहा.' खाली नाव होतं इगाराशी. ह्या पस्तिशीच्या बाई एका इस्पितळाच्या संगणकांचं काम घरून बघायच्या आणि शनिवारी दुपारी हौशी लोकांना ही भाषा फुकट शिकवायची त्यांची इच्छा होती. वाचक म्हणजे मजकूर वाचून त्यातून अर्थ काढणारा प्रोग्राम. जाणकार त्याला पार्सर म्हणतात. इगाराशीसान वाचकच म्हणायच्या, तेव्हा आपणही तेच म्हणू.

पण समाजमंदिराची खोली अशी सहज मिळत नाही. तिथल्या खिडकीवर ओगिसोसान नावाचे कारकून बसतात. त्यांनी अर्ज पुढे केला. मंडळात किमान पाच सभासद हवेत. इगाराशीसान, नोमोतोसान, मोरिवाकी तोफूवाले आणि गणिताचे एक शिक्षक, जे कधी एक शब्द बोलत नसत, असे झाले चार. पाचवं नाव तोमिएचं घातलं. नवरा रेशनकार्डावर असतो तशी मी ह्या मंडळात आहे, असं ती शेजारणीला सांगायची.

"मंडळाचा प्रकार?" ओगिसोसानांनी विचारलं. अर्जात चार चौकोन होते: गायन, आरोग्य, सुलेखन, हस्तकला.

इगाराशीसान म्हणाल्या, "आम्ही फंक्शनल भाषेत वाचक लिहितो."

"लिहिता, म्हणजे सुलेखन?"

"नाही, तसं नाही. लहान लहान वाचक तयार करतो, मग ते एकमेकांना जोडून मोठा करतो."

"जोडता ना? हाताने?"

"हातानेच, म्हणजे..."

ओगिसोसानांनी हस्तकलेवर खूण केली आणि शिक्का मारला. मंडळाच्या नावापुढे 'हस्तकला क्र. ७' लागलं. अर्जाच्या मागे बारीक अक्षरात नियम होते आणि ते कोणी वाचले नाहीत. अडतीस वर्षं लोकांना मागचे नियम वाचा म्हणून सांगणाऱ्या नोमोतोसानांनीही वाचले नाहीत, ह्याची इथे नोंद करून ठेवतो.

पहिल्या शनिवारी इगाराशीसानांनी फळ्यावर एक चिठ्ठी काढली. म्हणाल्या, "एक वाचक म्हणजे एक छोटा माणूस समजा. त्याला एकच गोष्ट वाचता येते, उदाहरणार्थ एक आकडा. चिठ्ठी आली की तो आपल्यापुरतं वाचतो, आणि उरलेली चिठ्ठी पुढच्याच्या हातात देतो. आपलं काम नसेल तर चिठ्ठी जशी आली तशी परत करतो."

मोरिवाकींच्या चेहऱ्यावर धुकं पसरलं. नोमोतोसानांना मात्र साक्षात्कार झाला. हे तर पाणीखातं. खिडकी क्रमांक एक फक्त नाव बघते, दोन फक्त पत्ता बघते, आणि आपलं काम नसेल तर अर्ज न उघडता परत देते. आयुष्यभर आपण हास्केलच करत होतो, फक्त पगार पाणीखात्याचा घेत होतो, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर करून बाईंना विचारलं, "सेन्सेई, चिठ्ठी कोणीच घेतली नाही तर?"

"तर तक्रार करायची. कुठल्या जागी, काय हवं होतं, काय मिळालं."

"फारच सुधारलेलं खातं आहे," नोमोतोसान म्हणाले.

दुसरी एक गोष्ट इगाराशीसानांनी त्याच दिवशी सांगितली. ह्या भाषेत एकदा ठरलेलं बदलत नाही. पट बदलायचा असला तर जुना खोडायचा नाही, नवा मांडायचा. जुना आपल्या जागी तसाच राहतो. नोमोतोसानांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली नीट रेघ मारली.

साक्षात्कार शनिवारी होतो, पण संगणक रविवारपासून शनिवारपर्यंत असतो. घरी पहिली ओळ लिहिली तर उत्तर म्हणून लाल अक्षरांत चौदा ओळी आल्या. एक शब्द बदलला तर एकोणीस आल्या. एका आठवड्यात त्यांचा वाचक सहाचा आकडा कधी वाचायचा, तर कधी साफ नाकारायचा. शेवटी कळलं की निम्मे आकडे रुंद टाइप झालेत, निम्मे अरुंद, आणि डोळ्यांना दोन्ही सारखे दिसत असले तरी यंत्राला ते परके वाटतात. पंधराशे कार्डं पुन्हा तपासली. मग त्यांनी एक वाचक असा लिहिला की जो काही न वाचताही समाधानी असे, आणि त्याला 'जमेल तितक्या वेळा वाच' असं सांगितलं. त्याला ते कायमचं जमलं. संगणक दीड तास घरघरत होता. तोमिएने तेवढ्यात त्याच्याखाली ओले मोजे वाळवून घेतले.

शेजारच्या सेगावा आजींचं लक्ष होतंच. त्या सुकवलेली फळं घेऊन आल्या, लाल अक्षरं बघितली आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "टेबल ईशान्येला ठेवलंय होय? मग लालच येणार. ती दिशा वाईट. आमच्या पुतण्याचा फ्रिज तिथे होता, तीनदा बिघडला."

"आजी, चूक माझ्या लिहिण्यात आहे."

"ईशान्येला बसून लिहिलं की चुकणारच," आजी म्हणाल्या. नोमोतोसान विज्ञाननिष्ठ गृहस्थ, त्यामुळे आजी जाईपर्यंत ते थांबले आणि मग टेबल खिडकीशी सरकवलं. त्या दिवशी पहिल्यांदा लाल आलं नाही. ह्या योगायोगाबद्दल त्यांनी मंडळात अवाक्षर काढलं नाही.

खरी अडचण आली ती कुसाकाबेसानांच्या वर्तुळाची. मागच्याच घरात, म्हणजे कुठल्या? छोट्या माणसाच्या हातात चिठ्ठी होती, पण मागे काय झालं ते त्याला कुठून ठाऊक असणार? मजा म्हणजे मोरिवाकी तोफूवाल्यांचंही घोडं तिथेच अडलं होतं. त्यांना उपाहारगृहांच्या फॅक्सवर येणाऱ्या मागण्या वाचणारा वाचक करायचा होता, आणि निम्म्या फॅक्सवर एवढंच असायचं: 'कालच्यासारखं.'

"मग त्या माणसाला एक पिशवी द्या," इगाराशीसान म्हणाल्या. "वाचताना पिशवी बरोबर घेऊन फिरेल. तुमच्या पिशवीत कालची मागणी, नोमोतोसानांच्या पिशवीत आतापर्यंतचा पट."

पिशवी शिवायला दोघांना तीन शनिवार लागले. पण एकदा पट पिशवीत आला म्हटल्यावर नोमोतोसानांच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली, आणि तिचा त्यांना फार अभिमान वाटला. कुसाकाबेसानांचं अक्षर भयंकर, टाइप करताना चूक व्हायचीच. मग वाचकाला शोगीचे नियमच शिकवले तर? चाल बेकायदा निघाली, की समजायचं आपलं टाइप चुकलं. सगळे नियम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. एका उभ्या रांगेत आपली दोन प्यादी असता कामा नयेत, हा सुद्धा. हा नियम सगळ्यात साधा आणि सगळ्यात कठोर: दुसरं प्यादं त्या रांगेत उतरवलं, की डाव त्याच क्षणी हरला. तक्रारीचा मजकूरही त्यांनी खात्याच्या भाषेत लिहिला.

एक एक डाव पार पडत गेला. टाइपाच्या एकोणतीस चुका सापडल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वीस डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाले, आणि एक अडून बसला. यंत्र म्हणालं: 'आठवा डाव, चाल अठ्ठावन्न. एका रांगेत दोन प्यादी. पुढील कार्यवाही करता येत नाही.'

नोमोतोसानांनी टाइप तपासलं. बरोबर होतं. मग त्यांनी प्रोग्रामला धारेवर धरलं. नियम उलटा लिहिला, सुलटा लिहिला. पिशवी उसवून पुन्हा शिवली. मंडळात जाहीर केलं, "सेन्सेई, ह्या भाषेत एक दोष आहे." इगाराशीसानांनी दोन शनिवार शोधला. मुके शिक्षक पहिल्यांदाच बोलले. ते म्हणाले, "मला तर बरोबर वाटतंय," आणि पुन्हा गप्प झाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मोरिवाकींचा सल्ला व्यवहारी होता. "एकच प्यादं आहे ना? जरासं शेजारच्या रांगेत सरकवा. आमच्यात तुटलेला तोफू कडेला लावतात, गिऱ्हाईक बोलत नाही."

तेवढ्यात ओगिसोसानांचा कागद आला. हस्तकलेच्या प्रत्येक मंडळाने नोव्हेंबरच्या सांस्कृतिक मेळ्यात आपल्या वस्तू मांडणं बंधनकारक आहे. पाहा, अर्जामागील नियम सहा. टेबलावर पांढरा कपडा हवा. कात्र्या असल्यास संख्या कळवावी.

नोमोतोसान कळवायला गेले की कात्र्या नाहीत. "मग सुया?" ओगिसोसानांनी विचारलं. शेवटी कात्र्यांच्या रकान्यात शून्य लिहून दोघांनी शिक्के मारले.

मेळ्याच्या दिवशी एका बाजूला फुलांची रचना, दुसऱ्या बाजूला भरतकामाच्या बाहुल्या, आणि मध्ये पांढऱ्या कपड्यावर एक संगणक. नुसती अक्षरं कोण बघणार, म्हणून इगाराशीसानांनी आदल्या आठवड्यात वाचकाला पट काढायला शिकवलं होतं. मोठ्या पडद्यावर लाकडी रंगाचा पट यायचा आणि सोंगट्या एक-एक चाल सरकायच्या. बायका येऊन विचारायच्या, "हात लावला तर चालेल का?" मोरिवाकी तोफूचे तुकडे वाटत होते. तोमिए पाहुण्यांना चहा देत होती. सभासद म्हणून हा तिचा पहिलाच दिवस.

वरच्या मजल्यावर शोगी मंडळ भरतं. बातमी तिकडे गेली आणि कोमियामासान खाली आले, ऐंशीचे, सगळ्या वस्तीत त्यांच्याएवढं शोगीतलं कोणाला कळत नाही. त्यांच्यामागे आणखी सहा म्हातारे. नोमोतोसानांची छाती फुगली. त्यांनी अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "एकतीस वर्षं. चौदा-तेरा." आठवा डाव दाखवायचा नाही असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, पण ते चहा घ्यायला वळले तेवढ्यात मोरिवाकींच्या बोटाने, त्यावर तोफूचं पाणी होतं असं ते नंतर म्हणाले, नेमका आठवा डाव सुरू केला.

सत्तावन्न चाली झाल्या. अठ्ठावन्नाव्या चालीला पाचव्या रांगेत एक प्यादं उतरलं आणि पट लाल झाला.

"त्यात प्रोग्रामचा दोष आहे," नोमोतोसान घाईने म्हणाले.

कोमियामासानांनी चष्मा वर केला. "कसला दोष? बरोबर पकडलंय. हे काय, खाली पहिलं प्यादं उभं आहे आणि ह्याने वर दुसरं ठेवलं. यंत्र हुशार आहे तुमचं. हे करणारा मूर्ख कोण?"

नोमोतोसानांनी पटाकडे बघितलं. तीन आठवडे त्यांनी प्रोग्राम बघितला होता, नियम बघितले होते, पिशवीचे टाके मोजले होते, आणि पटाकडे एकदाही बघितलं नव्हतं. एकाच उभ्या रांगेत त्यांची दोन प्यादी एकामागे एक उभी होती. आठव्या डावात सम चाली नोमोतोसानांच्या होत्या.

"माझा एक परिचित," ते म्हणाले.

म्हातारे हसत वर गेले. तोमिएने कप गोळा केले आणि शांतपणे म्हणाली, "परिचितांना जेवायला घरी घेऊन या. दमलेले दिसतात."

जेवण झाल्यावर नोमोतोसान कार्डांचे डबे काढून बसले. चौदा-तेरा. तो आठवा डाव त्यांनी जिंकला होता. खरं तर अठ्ठावन्नाव्या चालीलाच हरला होता, मग साठ चाली आणखी खेळून जिंकला होता, आणि तेवीस वर्षं ते दंतवैद्यासकट सगळ्यांना सांगत फिरले होते. म्हणजे तेरा-चौदा. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं.

इगाराशीसानांनी निघताना हळूच सांगितलं होतं, "नोमोतोसान, हवं तर त्या एका चालीपुरती डोळेझाक करणारा वाचक लिहिता येईल. पुस्तिकेत कोणाला कळणार नाही." आणि कुसाकाबेसानांचं डोकं तर हल्ली कधी असतं, कधी नसतं. हा विचार मनात आला म्हणून नोमोतोसानांना स्वतःचीच लाज वाटली. तरी तो आला होता, आणि चांगला पाचेक मिनिटं बसला होता.

"पण त्यांनी पकडलं कसं नाही?" ते तोमिएला म्हणाले. "एवढा नियमांचा माणूस. हे बघ, माझी चाल त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली आहे." पोस्टाच्या शोगीत तशी रीतच आहे: आधी समोरच्याची चाल पुन्हा लिहायची, मग आपली. कार्डावर लिहिलं होतं: 'तुझी चाल: पाचव्या रांगेत प्यादं उतरवलं. माझी चाल: उंट, वर्तुळ. इकडे बर्फ फार. उत्तराची घाई करू नकोस.'

तोमिएने कार्ड हातात घेतलं. दोनदा वाचलं. "घाई करू नकोस? कुसाकाबेसान?"

"हं?"

"दुसऱ्या कुठल्या कार्डावर आहे असं?"

नोमोतोसानांनी डबे उलटे केले. दुसऱ्या कुठल्याच नव्हतं.

तोमिएने शिक्क्यावरची तारीख दिव्याखाली धरली. "सोळा फेब्रुवारी. अहो, माझं ऑपरेशन पंधराला होतं. त्या आठवड्यात तुम्ही इस्पितळाच्या चपला घालून घरी गेला होतात आणि तुमचे बूट तिथे चार दिवस पडून होते. नर्स मला विचारायची, हे कोणाचे म्हणून." मग म्हणाली, "तुम्ही त्यांना कळवलं होतं का, माझं?"

नोमोतोसानांना आठवलं. कार्डाच्या अगदी तळाशी, जागा उरली म्हणून: 'गुरुवारी तोमिएचं ऑपरेशन. बाकी विशेष नाही.'

मग तोमिए उठून चहा ठेवायला गेली आणि तिथेच थोडी जास्त वेळ थांबली.

दुसऱ्या दिवशी नोमोतोसानांनी पाच कार्डं वाया घालवून सहावं पुरं केलं. आधी चालू असलेल्या अठ्ठाविसाव्या डावाची चाल, आणि मग: 'आठव्या डावाची अठ्ठावन्नावी माझी चाल बेकायदा होती. यंत्राने पकडली. डाव तुमचा. तेरा-चौदा. तेवीस वर्षं उशीर झाला, क्षमा असावी.'

चार दिवसांत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. आठ दिवस झाले. दारातल्या टपालपेटीचं झाकण दिवसातून सहा वेळा वाजायला लागलं. सेगावा आजींनी पेटीची दिशा तपासली आणि तीही बरी नाही असा निर्वाळा दिला. राग आला असेल, असं नोमोतोसानांना पहिले पाच दिवस वाटलं. नंतर त्यांना वाटलं, राग आला असेल तर बरं. रागवायला माणूस हवा.

बाराव्या दिवशी कार्ड आलं. अक्षरं एवढी मोठी आणि वाकडी, की मजकूर पत्त्याच्या बाजूवर सांडला होता. शाईही चार वेगवेगळ्या दिवसांची दिसत होती. नोमोतोसानांनी ते तोमिएला मोठ्याने वाचून दाखवलं.

'तुझी चाल: हत्ती एक घर पुढे. माझी चाल: प्यादं, वर्तुळ. नोमोतो, मला त्याच दिवशी कळलं होतं. बोललो असतो तर डाव संपला असता, आणि मग तुझी बायको कशी आहे हे मी कुठल्या निमित्ताने विचारणार? आपली ओळख चालीपुरती. म्हणून खेळत राहिलो. त्या पुढच्या साठ चाली डाव नव्हता, विचारपूस होती. तू शेवटी चांगला खेळलास, पण गुण माझा. चौदा माझे. हे ऐकायला तेवीस वर्षं थांबलो होतो, तेव्हा पुस्तिकेत ठळक लिहायचं. तोमिएसानांना नमस्कार. उत्तर लवकर दे.'

तोमिएने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, शेवटची ओळ स्वतः वाचली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग द्या की लवकर."

पुढच्या शनिवारी इगाराशीसानांनी विचारलं, "मग तो डोळेझाकवाला लिहू या?"

"नको, सेन्सेई. मी लिहून आणलाय." नोमोतोसानांनी संगणक उघडला. नियम होता तसाच होता, एक अक्षरही बदललं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या चालीला दोन प्यादी दिसली की जुना वाचक डाव संपवत होता, खाली ठळक अक्षरांत लिहीत होता: विजयी, कुसाकाबे. आणि मग उरलेली चिठ्ठी आणि पटाची पिशवी एका नव्या वाचकाकडे देत होता. तो पुढच्या साठ चाली वाचायचा, पट काढायचा, हार-जीत बघायचा नाही. त्याचं नाव नोमोतोसानांनी ठेवलं होतं: विचारपूस. पहिल्याच फटक्यात तो शेवटपर्यंत वाचत गेला, कुठेही लाल झालं नाही. मुके शिक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

पुस्तिका नऊ डिसेंबरला तयार झाली. मुखपृष्ठावर तेरा-चौदा असं होतं, आणि मोरिवाकींच्या मते जरा जास्तच ठळक होतं. पाकिटात नोमोतोसानांनी एक कार्डही सरकवलं: अठ्ठाविसाव्या डावाची पुढची चाल, आणि तळाशी तोमिएच्या हातची एक ओळ, 'मी अगदी ठणठणीत आहे, तुम्ही कसे आहात?' मग पाकीट छातीशी धरून ते पोस्टात जायला निघाले.

तोमिएने दारात त्यांच्या पायांकडे बघून घेतलं. दोन्ही बूट त्यांचेच होते.